बाबा शेवटी काय म्हणाले

१२ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं नाही. वाटलं, कुणाला तरी कवळी बोचतेय आणि त्याने डॉक्टरांना सोडून थेट मलाच तक्रार लिहिलीय. असे एक-दोन महाभाग वर्षाकाठी निघतातच. आत "प्रिय बारकी" दिसलं तेव्हा पाकीट उलटं करून पुन्हा पत्ता वाचला.

एकोणीस वर्षं, दादा. मी एकावन्न वर्षांची झाले. अजून तिथेच आहे, दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत. ते पुढे दात काढतात, मी मागे दात करते. घरही तेच, पहिला मजला, पुढच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

तुझं पत्र पाच पानांचं. त्यातली चार काळावर. काळ म्हणजे काय, तो कुठून येतो, माणसाला त्याची भीती का वाटते वगैरे. तुझं सगळं बोलणं आता व्याख्यानासारखंच झालेलं दिसतंय. बाबांना झाला होता तोच फुफ्फुसांचा आजार तुलाही झालाय, ही बातमी चौथ्या पानाच्या तळाशी, कंसात. आणि शेवटच्या पानावर एकच प्रश्न: "बाबा शेवटी काय म्हणाले? खरं काय म्हणाले?"

मी हसले, दादा. इतकी हसले की डॉक्टर मधलं दार उघडून बघायला आले.

कारण बाबा शेवटी काय म्हणाले हे तर सगळ्यांना पाठ आहे! तुझ्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात बाबा उशीला टेकून बसतात, मुलाचा हात हातात घेतात आणि म्हणतात, "आयुष्यभर मी काळ मोजला, आता काळ मला मोजतोय." लोक शोकसभेत हे वाक्य म्हणतात. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात ते फळ्यावर लिहिलं होतं, आठवडाभर पुसलं नव्हतं. बाबा माझ्यासमोर असं काही बोलले असते तर मी आधी त्यांचा ताप पाहिला असता.

आपले बाबा टायरच्या कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होते. एकतीस वर्षं. कामगारांची कार्डं बघायची, वेळ टाकायची, आठ वाजून तीन मिनिटांनी खिडकी धाडकन बंद करायची. बोलणं मोजकंच. "आलास?" "उशीर." "चल पुढे." एवढ्या शब्दसंपत्तीवर माणसाने नोकरी केली, संसार केला, आई गेल्यावर आपल्या दोघांना वाढवलं. तू त्यांना तत्त्वज्ञ करून टाकलंस.

त्याचंही एक वेळ चाललं असतं. पण ते अकरा महिने आठव. बाबा पुढच्या खोलीत पडून होते. मी सकाळी चार तास कामाला जायची, तेवढ्यापुरत्या समोरच्या काकू येऊन बसायच्या, बाकी सगळा वेळ मी. दर रविवारी मी तुला पत्र लिहायची. शेहेचाळीस पत्रं. तुझी उत्तरं नऊ. प्रत्येकात, "पुढच्या महिन्यात नक्की येतो." बाबा गेले त्या दिवशीही तू आला नाहीस.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी मला ते पुस्तक आणून दिलं. म्हणाले, "तुमच्या भावाने वडिलांचं किती केलं हो! वाचताना रडू आलं." मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं, हाताला दातांच्या साच्याचं प्लास्टर तसंच. बाबा पांघरुणाचा एकेक धागा उसवून बोटाला गुंडाळतात, ते माझ्या अकराव्या पत्रातलं. धाप लागली की ते कारखान्यातल्या माणसांचे कार्डनंबर ओळीने म्हणतात, ते विसाव्या पत्रातलं. सगळं माझं होतं, स्वल्पविरामासकट. आणि उशाशी कोण? मुलगा. एकुलता एक. मुलगी त्या घरात जन्मालाच आली नव्हती.

नाही, चुकले. मी होते की. तिसऱ्या प्रकरणापासून एक पगारी बाई येते. तिच्या हातांना चुन्याचा वास येतो, ती मचमच आवाज करत जेवते, आणि म्हातारा शेवटचे श्वास घेत असताना खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली असते.

तो चुना नाही, दादा. प्लास्टर ऑफ पॅरिस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. हो, बाबा शेवटी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला माहीत आहे, एकटीला. आणि मी सांगणार नाही.

तुझी,
पगारी बाई


३ फेब्रुवारी

दादा,

या वेळी लवकर उत्तर आलं. गरज असली की टपाल धावतं.

"कादंबरी म्हणजे कोर्टातली साक्ष नव्हे," असं लिहिलंयस. मान्य. पण मग साक्ष मागायला माझ्याकडे का आलास? तुझ्या कादंबरीलाच विचार की, बाबा खरं काय म्हणाले. तिच्यात तुला सगळं माहीत होतं.

माफीची ओळही वाचली. एकच आहे. तिच्या अलीकडे "कलेची अपरिहार्यता" आणि पलीकडे "तुझ्या भावना मी समजू शकतो". दोन पोलिसांच्या मध्ये चोर चालावा तशी चाललीय बिचारी.

त्यापुढची दोन पानं मात्र मी चहा घेऊन, सावकाश वाचली. संध्याकाळी चारनंतर छातीवर कुणीतरी येऊन बसतं. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं आणि थांबलास की कानात स्वतःचाच श्वास ऐकू येतो. तू आयुष्यभर ज्या भीतीवर लिहिलंस, मुलांना शिकवलंस, ती ही नव्हेच असं तुला आता वाटतंय. ती विचार करायची गोष्ट होती. ही सरळ घरात शिरलीय आणि निघायचं नाव घेत नाही. "मी संपणार आहे हे मला नेहमीच माहीत होतं, पण ते मलाच होणार आहे हे माहीत नव्हतं," असं वाक्य आहे तुझं. चांगलं आहे. तुझ्या अख्ख्या पुस्तकात असं एक नाही.

वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटात ऊब आल्यासारखं वाटलं. बाबांना ही भीती अकरा महिने होती आणि ती मी तुला दर रविवारी कळवत होते. तेव्हा तुला ती दुरून फार सुंदर दिसली.

मागच्या आठवड्यात एक आजोबा स्वतःच मागच्या खोलीत आले, कवळी कधी मिळणार विचारायला. म्हणाले, "टिकेल किती वर्षं?" मी म्हटलं, "नीट वापरलीत तर दहा." ते म्हणाले, "मग थोडी कच्ची करा हो. माझ्यामागे ती एकटी काय करेल?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. शहाऐंशी वर्षांचा माणूस. तुझं वय छप्पन. त्यांच्याकडे शिकवणी लाव.

बरं, मुद्द्यावर येते. तुला हवंय ते मी देईन. पण एक अट आहे.

तुझं अक्षर फार बिघडलंय. ओळी कागदावरून घसरतात. तेव्हा पुढचं पत्र तू लिहू नकोस. वहिनीला कागद-पेन घेऊन बसव. तू सांगायचं, तिने लिहायचं. काय सांगायचं ते मी देते. आजारपणात बाबांपाशी कोण होतं. पुस्तकातल्या गोष्टी कुणाच्या पत्रांतून उचलल्या. त्या अकरा महिन्यांत तू किती वेळा आलास.

त्या पुस्तकामुळेच वहिनी तुझ्या प्रेमात पडली, हे मी तुझ्या एका मुलाखतीत वाचलंय. "जो माणूस वडिलांची अशी सेवा करतो तो नवरा म्हणून कसा असेल, असं तिला वाटलं." शेजारी तिचा फोटो होता. चेहरा चांगला आहे. म्हणूनच तिच्या हाताने हवंय मला.

वाट बघते. मला घाई नाही. तुला असेल.

बहीण


२६ फेब्रुवारी

दादा,

वहिनीच्या अक्षरातलं पत्र काल आलं.

गोल, सुटं अक्षर आहे तिचं. पहिली दोन पानं एकसारखी. तिसऱ्या पानावर शाई बदललीय. म्हणजे मध्ये कुठेतरी ती उठली आणि परत येऊन दुसरं पेन घेतलं. ती जागा मी बोटाने चाचपून पाहिली. तिच्या आधीचं वाक्य असं आहे: "मी एकदा आलो होतो."

हे मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात आलास म्हणे. सकाळची गाडी, हातात छोटी बॅग. रस्त्याच्या पलीकडे, शिंप्याच्या दुकानाच्या फळीपाशी उभा राहिलास. खिडकी उघडी होती. वर बाबा खोकत होते, ते खालपर्यंत ऐकू येत होतं. मग मी खिडकीत आले, टॉवेल झटकला आणि आत गेले. तू अर्धा तास उभा होतास. शिंप्याने विचारलं, "कुणाला शोधताय?" तू म्हणालास, "कुणाला नाही." आणि दुपारच्या गाडीने परत गेलास.

काल हे वाचल्यावर मी जिन्यात गेले आणि पायऱ्या मोजल्या. बावीस आहेत. इतकी वर्षं त्या घरात राहून मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. बावीस पायऱ्या, दादा. तू दुसऱ्या शहरात होतास, तुला सुट्टी नव्हती, प्रबंध अडला होता. त्या सगळ्याशी मी कसंबसं जमवून घेतलं होतं. हे मला जमणार नाही. त्या दिवशी तू वर आला असतास आणि दारातूनच परत फिरला असतास, तरी मी एकदा तरी तुझ्या अंगावर ओरडले असते. ती संधीही तू मला दिली नाहीस.

तू म्हणतोस, "मला भीती वाटली." मला काय वाटत होतं असं वाटतं तुला?

पत्राच्या शेवटी वहिनीने स्वतःच्या चार ओळी लिहिल्यात. तू वाचल्यास की नाही माहीत नाही, म्हणून उतरवते. "ताई, मी एकदाच थांबले, पाणी प्यायला. बाकी हे सांगत गेले, मी लिहीत गेले. तुम्हाला जे हवं होतं ते झालं असेल असं धरते. आता तुम्ही शब्द पाळा." प्रेमाने नाही लिहिलेलं. मला आवडलं.

शब्द पाळते. ऐक.

बाबा शेवटचे तीन दिवस फक्त तुझं नाव घेत होते. दुसरं काही नाही. जिन्यात कुणाचेही पाय वाजले की मान उचलायचे आणि म्हणायचे, "आला बघ." दूधवाला असायचा, कधी काकू. मी सांगायची, "नाही बाबा, तो नाही." ते म्हणायचे, "येईल. उशीर झाला असेल." ज्यांनी तीन मिनिटांच्या उशिराला कधी कुणाला माफ केलं नाही, ते तुझ्यासाठी खिडकी उघडी ठेवून बसले होते. शेवटच्या दिवशी खाली रस्त्यावर कुणीतरी शिट्टी वाजवली. तू वाजवायचास तशी. त्यांनी दाराकडे तोंड केलं, म्हणाले, "आला का?" आणि तसेच गेले. दाराकडे बघत.

झालं तुझं काम? घाल आता पुढच्या आवृत्तीत.

बहीण


२१ मार्च

दादा,

हे पत्र वहिनीला वाचून दाखवायला सांग. तुला नीट बसवत नाही, डोळ्यांसमोर अक्षरं हलतात, असं तिने सांगितलं.

तिचा परवा दवाखान्यात फोन आला. डॉक्टरांनी हाक मारली, मी हात न धुताच गेले. दुपार होती, बाहेरच्या बाकावर तीन पेशंट बसले होते, त्यामुळे मला मोठ्याने बोलता येईना.

ती म्हणाली, "ताई, हे दारासमोर खुर्ची टाकून बसलेत. तुमचं पत्र आल्यापासून."

मी म्हटलं, "दमले असतील."

"जेवत नाहीत. बोलत नाहीत. मी बाहेरून आले की आधी उठू बघतात, मग मी आहे असं दिसलं की बसतात. काल एवढंच म्हणाले, 'तिने मला मारलं आणि बरोबर केलं.'"

मी नखातलं प्लास्टर कोरत राहिले.

"तुमचं आणि त्यांचं काय असेल ते असेल," ती म्हणाली. "ते खोटं वागले. मलाही फसवलं. त्याचं मी माझं बघेन, मला तुमची मदत नको. पण एकच विचारते. तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

"शपथ?"

एका पेशंटचा नंबर आला होता, तो उठत होता. मी त्याला वाट दिली आणि फोन ठेवून दिला.

ते खरं नाही, दादा. बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. शेवटच्या तीन दिवसांत नाही, त्याआधीचा महिनाभरही नाही. शिट्टी वाजली नाही. दूधवाला पायरीवर पिशवी ठेवून जायचा, त्याचे पाय कधी ऐकूच यायचे नाहीत. मी ते सगळं एका बैठकीत लिहून काढलं, एकही शब्द खोडावा लागला नाही. तेव्हा कळलं, तू ते पुस्तक कसं लिहिलं असशील.

पंधरा-वीस दिवस मला फार बरं वाटलं. इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. आणि मग वहिनीने सांगितलं की तू दाराकडे बघत बसलायस. मला ती खुर्ची दिसली. तू खुर्चीत कसा बसतोस हे मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही, त्यामुळे खुर्चीत मला बाबाच दिसले.

आता खरं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शेहेचाळीस पत्रांतही नाही. त्या पत्रांत मी बरंच लपवलं होतं. बाबा धीराने घेतायत, असं मी लिहायची. घेत नव्हते. भ्यायचे. माझा दंड असा धरायचे की वळ उठायचे. ते लिहिलं असतं तर तू कधीच आला नसतास असं मला वाटायचं. न लिहूनही आला नाहीस ते सोड.

सातव्या महिन्यापासून ते वेळ विचारायला लागले. समोर भिंतीवर घड्याळ होतं, दिसत होतं त्यांना. तरी विचारायचे, "किती वाजले?" मी सांगायची. पाच मिनिटांनी पुन्हा. मी म्हणायची, "दिसतंय की समोर." तर म्हणायचे, "तू सांग." कुणीतरी दुसऱ्याने सांगितलं की त्यांना पटायचं. दिवसातून शंभर वेळा, दादा. कवळी घासताना माझ्या कानात तेच वाजायचं. मला वाटायचं, या माणसाला वेळ नकोय, माझं डोकं हवंय खायला.

एक दिवस मी घड्याळ काढलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. त्यांना म्हटलं, बिघडलंय, दुरुस्तीला दिलंय. भिंतीवर त्याची गोल, पांढरी खूण राहिली होती. ते त्या खुणेकडे बघत बसायचे. रडले एकदा. मी घड्याळ परत लावलं नाही.

मग त्यांनी दुसरी सोय केली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. तिच्यावर ऊन कुठवर चढलंय त्यावरून ते वेळ काढायला लागले. मी कामावरून आले की म्हणायचे, "दहा मिनिटं उशीर." बरोबर असायचं.

शेवटच्या दिवशी मी दोन रात्रींची जागी होते. काकू त्यांच्या लेकीकडे गेल्या होत्या. बाबा सकाळपासून गुंगीत होते, मध्येच जागे व्हायचे. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्या मनगटावर होतं घड्याळ, मी पाहिलं. बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "किती वाजले?"

मला झोप हवी होती, दादा. बाकी काहीही नको होतं. त्यांनी झोपावं, म्हणजे मला झोपता येईल. मी म्हटलं, "नऊ वाजून गेले, बाबा. झोपा आता."

त्यांनी हळूच मान वळवली. समोरच्या भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अजून ऊन आहे."

रागाने नाही म्हणाले. गयावयाही नव्हती. फाटकावर एखाद्याच्या कार्डावर चुकीची वेळ दिसली की ते जसे सांगायचे, तसं.

मी उठले आणि पडदा ओढला. तो जाड, निळा पडदा. खोली अंधारली. मी म्हटलं, "आता नाहीये."

मग खुर्चीत बसले आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा साडेसात झाले होते. बाबा पडद्याकडे तोंड करून होते. कधी गेले ते मला माहीत नाही.

तुला पाठवलेल्या शेवटच्या पत्रात माझ्याकडून "जाग आली तेव्हा" असे तीन शब्द गेले होते. तेवढ्यावरून तू ती झोपलेली बाई उभी केलीस. वाचक तू चांगला आहेस, हे मला मान्यच करावं लागेल. पुस्तकात मी नव्हते याचा मला राग होताच. पण ज्या एका ठिकाणी होते ते खरं होतं, त्यासाठी मी तुला कधी माफ केलं नाही.

एकोणीस वर्षं पाच वाजत आले की मी खिडकीबाहेर बघत नाही. दवाखान्यात माझं टेबल मी खिडकीकडे पाठ करून लावून घेतलंय. डॉक्टरांना वाटतं, डोळ्यांवर उजेड येतो म्हणून. त्या माणसाकडे थोडं ऊन शिल्लक होतं आणि ते मी झाकलं. तुझ्या पुस्तकात काळाबद्दल तीनशे पानं आहेत, मी ती चार वेळा वाचली, मला हे कुठे सापडतंय का बघायला. नाही सापडलं. काळ वगैरे मला कळत नाही. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, एवढं कळतं.

मी हे तुला दया येऊन सांगत नाहीये, हे वहिनी वाचून दाखवतेय तेव्हा तिनेही ऐकावं. खोटं लिहून तुला मारायला निघाले होते. मग लक्षात आलं की खरं त्याहून जड आहे, आणि ते मी एकटीच उचलत आलेय. बाप दोघांचा होता. आता अर्धं तू धर. दाराकडे बघणं सोड. तिथे तुझी कुणी वाट पाहत नव्हतं. त्याचं तुला वाईट वाटलं तर वाटू दे, मला चालेल.

आणि "अजून ऊन आहे" या वाक्याचा काही अर्थ लावू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे. त्यात ना आशा आहे ना मुक्ती. ऊन होतं, म्हणून ते म्हणाले.

मी तीन आठवड्यांची रजा टाकलीय. डॉक्टर कुरकुरले, सहा कवळ्या अर्धवट आहेत. मी म्हटलं, लोकांना थोडे दिवस पेज पिऊ द्या. मंगळवारी सकाळच्या गाडीने येतेय. वहिनीला सांग, घ्यायला येऊ नका, पत्ता पाकिटावर आहे. माझ्यासाठी वेगळी खोली नको. तुझ्या पलंगाशेजारी एक खुर्ची लागेल, टेकायला पाठ असलेली.

माफ केलंय असं समजू नकोस. तुझा हात हातात घेऊन बसेन असंही नाही. भीती वाटली तर वाटू दे. मी बघेन, आणि त्यातलं एक अक्षर कुठे लिहिणार नाही. ओरडायचं असेल तर ओरड. मलाही तुझ्या अंगावर ओरडायचंय, ते मी पहिल्या दिवशी उरकून घेईन, वहिनीने मध्ये पडू नये. त्यानंतर मी जागी असेन. किती वाजले असं विचारलंस, तर जेवढे वाजले असतील तेवढेच सांगेन.

बहीण